क्लचची पकड

कल्याणकडून निघालेला राष्ट्रीय महामार्ग अहिल्यानगर, माजलगांव अशीं ठिकाणें मागें टाकीत, गोदावरी ओलांडून परभणी जिल्ह्यांत येतो, आणि पाथरीवरून पुढें मानवत, परभणी, नांदेड करीत तेलंगणांतील निर्मळकडे जातो. सोळाव्या शतकांत अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही ह्या दोन सत्ता ह्याच पाथरीसाठीं एकमेकींशीं झुंजल्या. आज पाथरीच्या रस्त्यावर जी झुंज चालते ती राज्याची नव्हे, वाटेची आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी आल्यानंतर ह्या काळ्या जमिनींत ऊस वाढला. आणि हिवाळ्यांत गाळप सुरू झालें म्हणजे दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बैलाच्या चालीनें रस्ता व्यापून चालूं लागतात. त्यांच्या मागें एस्. टी., मोटारी आणि मोटारसायकली यांची रांग खोळंबून राहते.

अशाच एका संध्याकाळचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. पाथरींत राहणारे आणि गोदाकांठच्या एका खेड्यांत शिकविणारे एक गुरुजी मोटारसायकलीवरून घरीं परतत आहेत. मागें त्यांची बारा वर्षांची मुलगी बसली आहे. पुढें उसाच्या ट्रॉल्या आणि उजव्या बाजूस थोडी मोकळी वाट. गुरुजी बाहेर येतात, एक गियर उतरवितात आणि मूठ पिळतात. एंजिन गर्जूं लागतें. गाडी मात्र पुढें सरकत नाहीं. समोरून मालमोटारीचे दिवे जवळ येत असतात. गुरुजी शहाणे, ते मूठ सोडून पुन्हां ट्रॉलीच्या मागें येतात. घडलें कांहींच नाहीं. पण काय घडलें असतें हें बापाला कळलें आणि लेकीलाही कळलें.

एंजिन निकोप होतें, ब्रेक चांगले होते, पेट्रोलही भरपूर होतें. उणें होतें तें पकडीचें. एंजिनाची शक्ति चाकापर्यंत नेणारी ही पकड ज्या यंत्रांगांत असते त्यालाच क्लच म्हणतात.

एंजिन चालू असतां फिरतच असतें. चाकाला मात्र थांबावें लागतें, पुन्हां निघावें लागतें, आणि गियर बदलतांना क्षणभर मोकळें व्हावें लागतें. एकानें फिरत राहावें आणि दुसऱ्यानें थांबावें, ही तडजोड क्लच घडवून आणतो. दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबावे आणि एक फिरवावा. दुसरा त्याच्याबरोबर ओढला जातो. दाब सैल केला कीं एक हात फिरतो आणि दुसरा जागच्या जागीं राहतो. क्लचचें सारें तत्त्व एवढेंच आहे.

मोटारसायकलींत ह्या तळहातांच्या जागीं चकत्यांची चळत असते. त्यांना लोक प्लेटा म्हणतात. एक प्लेट घर्षणाचें अस्तर लावलेली, तिच्या शेजारीं पोलादाची साधी, पुन्हां अस्तराची, पुन्हां पोलादाची, असा क्रम असतो. अस्तराच्या प्लेटा बाहेरच्या भांड्याच्या खांचांत अडकून एंजिनाबरोबर फिरतात. पोलादी प्लेटा आंतल्या दात्यांनीं गियरच्या दांड्याशीं जोडलेल्या असतात. स्प्रिंगा ही चळत सतत दाबून धरतात. डाव्या हातानें दांडी ओढली म्हणजे तार खेंचली जाते, स्प्रिंगांचा दाब निघतो आणि प्लेटा एकमेकींवरून मोकळ्या सरकतात. घासणारे पृष्ठभाग अनेक असल्यामुळें तळहाताएवढ्या प्लेटा साऱ्या एंजिनाची ओढ पेलूं शकतात. हा सगळा संसार एंजिनाच्या तेलांत बुडालेला असतो. बजाजच्या ज्या चेतक स्कूटरी १९७२ पासून पुढें कित्येक वर्षें मध्यमवर्गीयांच्या दारीं उभ्या राहिल्या, त्यांचाही क्लच असाच तेलांत बुडालेला. त्याच्या प्लेटांना बुचाचें अस्तर असे.

हें अस्तर झिजण्यासाठींच केलेलें असतें. एंजिन आणि गियर यांसारखे मोलाचे भाग वांचावे म्हणून त्यांच्या मध्यें एक स्वस्त भाग स्वतःला झिजवून घेतो. म्हणून प्लेट झिजली यांत नवल नाहीं. ती वेळेआधीं कां झिजली, हा खरा प्रश्न आहे; आणि दुरुस्ती करणारे बहुतेक लोक नेमका हाच प्रश्न विचारण्याचें विसरतात.

त्या संध्याकाळीं गुरुजी गाडी घेऊन गल्लींतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जातात असें समजूं या.

"चाचा, नव्या प्लेटा टाकून द्या, म्हणजे झालं."

"टाकूं कीं गुरुजी. पण गाडी चालवतांना तुमचीं बोटं कुठं असतात, तें आधीं सांगा."

गुरुजी विचारांत पडतात. उत्तर मुलगी देते, "दांडीवरच असतात, चाचा. नेहमीं."

"मग प्लेट नवी आणि हात जुना, असं करून कसं भागेल?"

मिस्त्रीच्या ह्या प्रश्नांत निम्मी दुरुस्ती आहे. चारही बोटें सदैव दांडीवर टेंकलेलीं असलीं कीं दांडी किंचित् दाबलेलीच राहते. प्लेटांवरचा दाब तेवढा कमी होतो, त्या पूर्ण पकडही घेत नाहींत आणि पूर्ण सुटतही नाहींत. अशा अर्धवट स्थितींत त्या मैलोगणती घासत राहतात. दुसरें कारण तारेचा ताण. दांडीच्या टोकाशीं, तार ताणली जाण्यापूर्वीं, थोडा ढिलेपणा असावाच लागतो. बहुतेक मोटारसायकलींत तो दहा ते वीस मिलिमीटर सांगितलेला असतो. प्लेटा झिजत जातात तसतसा हा ढिलेपणा कमी होतो. तो संपला तर कुणाचेंही बोट दांडीवर नसतांना तारच दांडीचें काम करूं लागते आणि स्प्रिंगांचा दाब चोरते.

तिसरें कारण ह्या मुलुखाचें खास आहे. पाथरीची काळी माती पहिल्या पावसांत पिठासारखी मळली जाते. ती टायरला चिकटते, मडगार्डच्या आंतली जागा भरून काढते, आणि शेवटीं चाक फिरेनासें होतें. अशा वेळीं गाडी निघावी म्हणून स्वार क्लच अर्धा धरतो आणि मूठ पुरी पिळतो. लहान मोटारसायकलीचें एंजिन पुऱ्या जोरांत सुमारें सहा किलोवॅट शक्ति देतें. त्यांतली निम्मी जरी प्लेटांत घासून उष्णता झाली, तरी ती घरांतल्या तीन विजेच्या इस्त्र्यांच्या बरोबरीची होते. आणि ती उष्णता तळहाताएवढ्या चकत्यांनीं सोसावयाची असते. अस्तर जळतें, पोलादी प्लेट निळी पडून वांकते. वर्षभर टिकलेला क्लच चिखलांतल्या अर्ध्या तासांत संपतो. त्यावर उपाय साधा आहे. उतरावें, काडीनें माती काढावी, आणि गाडी हातानें पुढें ढकलावी. पायांना चिखल लागतो, पण क्लच वांचतो.

चौथें कारण तेल. मोटारगाडीच्या कांहीं तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें मुद्दाम घातलेलीं असतात. मोटारगाडीला तीं हितकर, कारण तिचा क्लच तेलाबाहेर कोरडा असतो. तेंच तेल मोटारसायकलींत घातलें तर तें प्लेटांचेंही घर्षण कमी करतें आणि क्लच घसरूं लागतो. म्हणून १९९८ सालीं जपानमध्यें मोटारसायकलींच्या तेलासाठीं स्वतंत्र मानक ठरलें. डब्यावर 'जासो एम्. ए.' असा शिक्का असेल तर तें तेल ओल्या क्लचला चालतें. हा शिक्का न पाहतां प्लेटा बदलणें म्हणजे आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं.

तेव्हां पाना हातीं घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या : दांडीचा ढिलेपणा, तारेची सुरळीत हालचाल आणि तेलाचा डबा. पुष्कळ वेळां तार जुळवून घेतांच पकड परत येते. तार उसवली असेल, वेष्टनांत अडकत असेल, तर ती बदलणें हें अर्ध्या तासाचें काम आहे. ढिलेपणा योग्य, तेल योग्य, आणि तरीही वरच्या गियरमध्यें मूठ पिळतांच एंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, असें असेल तरच प्लेटांपर्यंत जावें. उलट, गियर घालतांना खडखडाट होत असेल, गाडी न्यूट्रल घेत नसेल, तर तो घसरण्याचा नव्हे, न सुटण्याचा दोष आहे; तेथें ढिलेपणा बहुधा प्रमाणाबाहेर झालेला असतो, किंवा प्लेट वांकलेली असते.

प्लेटा घरीं बदलतां येतात काय? येतात, मात्र गाडीच्या निर्मात्याची पुस्तिका जवळ असावी, मापाचे पाने असावे आणि सुटीचा सबंध दिवस हाताशीं असावा. अंधार पडण्याच्या बेतांत हें काम सुरू करूं नये. गाडी थंड असावी, फरशीवर मधल्या स्टँडवर सरळ उभी असावी. आधीं तेल काढून घ्यावें. लहान गाडींत तें सुमारें एक लिटर निघतें. तेल वाचवावें म्हणून गाडी डाव्या कुशीवर आडवी करण्याची युक्ति कांहीं लोक करतात. पेट्रोल सांडण्याचा धोका पत्करून वांचविलेलें तें तेल महागच पडतें.

क्लच बहुतेक लहान मोटारसायकलींत उजव्या झांकणाच्या आंत असतो. किकची दांडी, आणि आड येत असेल तर पायटा व सायलेन्सर, काढावा लागतो. झांकणाचे बोल्ट एका लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर झांकणाची आकृति काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागीं खोंचून ठेवावा. हें काम गुरुजींच्या मुलीनें करावें. लांब बोल्ट आंखूड जागीं गेला तर आंतली ॲल्युमिनियमची भिंत फुटते हें तिला एकदां सांगितलें कीं ती तें कधींच विसरणार नाहीं. झांकण निघत नसेल तर लांकडी हातोडीनें भोंवतालीं हलके ठोकावें. सांध्यांत पेचकस खुपसून उचकटण्याचा मोह आवरावा. तेथें पडलेल्या एका ओरखड्यांतून पुढें महिनोन् महिने तेल गळत राहतें.

आंत स्प्रिंगांचे बोल्ट दिसतात. बहुधा ते चार असतात. ते समोरासमोरचे, प्रत्येक वेळीं थोडे थोडे, फिरवून सैल करावे. एकच बोल्ट पुरता काढला तर दाबाची चकती तिरपी होऊन तिचे कान मोडतात. ह्यापुढची वाट गाडीगणिक बदलते. कांहीं गाड्यांत प्लेटा लगेच हातीं येतात. कांहींत मधलें कड्याचें लॉक काढावें लागतें. तर कांहींत मधला नट असतो आणि त्याला खास पाना लागतो. तो पाना नसेल तर येथें थांबावें. छिन्नीनें ठोकून नट काढणें हें घरगुती दुरुस्तीचें लक्षण नव्हे, घरगुती नासाडीचें आहे.

प्लेटा निघतील त्या क्रमानें वर्तमानपत्रावर ओळीनें मांडाव्या आणि मग निदान करावें. नवी अस्तराची प्लेट बहुधा तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असते. चार-पांच दशांश मिलिमीटर झीज झाली म्हणजे ती साधारणतः मर्यादेला पोंचते. पुस्तिकेंत दिलेला आंकडाच प्रमाण मानावा आणि माप व्हर्नियरनें घ्यावें. डोळ्याला एवढा फरक दिसत नाहीं. पोलादी प्लेट सपाट कांचेवर ठेवून चारी बाजूंनीं दाबून पाहावी. डुलली तर ती वांकली आहे. निळसर छटा दिसली तर ती तापून गेली आहे. स्प्रिंगा एकमेकींशेजारीं उभ्या करून त्यांची उंची ताडावी. एकही आंखूड झाली असेल तर सर्वच बदलाव्या. शेवटीं बाहेरच्या भांड्याच्या बोटांवर नख फिरवावें. प्लेटांच्या कानांनीं तेथें खड्डे पाडले असतील तर नव्या प्लेटाही त्यांत अडकतील.

नव्या प्लेटा कोरड्या बसवूं नयेत. जें तेल गाडींत घालावयाचें त्याच तेलांत त्या कांहीं तास, शक्य तर आदल्या रात्रींपासून, भिजत ठेवाव्या. कोरडें अस्तर पहिल्याच घासणींत जळतें, आणि दिवसभराचे श्रम पहिल्या मैलांत वायां जातात. जुन्या पॅकिंगचे तुकडे लांकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनें काढावे, आंत पडूं देऊं नयेत, आणि पॅकिंग नेहमीं नवें घालावें.

जुळणी उलट्या क्रमानें होते. येथें हाताचा जोर हाच शत्रु. सहा मिलिमीटरच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्यें सुमारें दहा न्यूटन-मीटर आवळ पुरते. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो वजनाइतका जोर. लांब पाना आणि तरुण भाचा यांनीं मिळून जितके आटे मोडले असतील, तितके झिजेनें मोडले नसतील. झांकण लावून, तेल मापानें भरून, दांडीचा ढिलेपणा पुन्हां ठरवावा. नव्या प्लेटा जाड असल्यामुळें पूर्वींची जुळणी आतां चुकीची झालेली असते. ही शेवटची पायरी विसरली तर नवा क्लचही नीट काम करीत नाहीं. मग न्यूट्रलमध्यें एंजिन चालवावें, गळती पाहावी, आणि रिकाम्या रस्त्यावर, एकट्यानें, हळू चालवून परीक्षा घ्यावी.

काढलेलें काळें तेल गटारींत किंवा बांधावर ओतूं नये. तें पाण्याला आणि मातीला विष आहे, आणि कातडीलाही अपायकारक आहे. डब्यांत भरून जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावें आणि हात साबणानें धुवावे.

घरच्या कामाची मर्यादाही येथेंच सांगितली पाहिजे. मोटारसायकलीच्या यशानें हुरळून कुणी मोटारगाडीच्या क्लचला हात घालूं नये. मोटारगाडींत क्लच एंजिन आणि गियरबॉक्स यांच्या मध्यें दडलेला असतो. तो दिसण्यासाठीं गाडी उंच उचलून तो अवजड गियरबॉक्स उतरवावा लागतो. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यासाठीं असतो, माणसाच्या छातीवर छत धरण्यासाठीं नव्हे. केवळ त्याच्या भरंवशावर गाडीखालीं शिरलेलीं माणसें जिवास मुकतात. शिवाय हा क्लच कोरडा असल्यामुळें त्याच्या घरांत अस्तराची धूळ सांचते. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीनें कर्करोग होतो हें निर्विवाद सिद्ध झालेलें आहे. ती धूळ फुंकून उडवूं नये, कोरड्या फडक्यानें झटकूंही नये. ट्रॅक्टरची गोष्ट तर त्याहून मोठी : त्याचा क्लच बदलावयाचा तर बहुधा सबंध ट्रॅक्टर मधोमध दोन तुकड्यांत वेगळा करावा लागतो. तें काम भक्कम आधार आणि जाणते हात असलेल्या कार्यशाळेचेंच आहे. कोणतें काम घरीं करावें हें ज्याला कळतें तो हुशार. कोणतें करूं नये हें कळतें तो खरा कारागीर.

मग गुरुजींनीं एवढा खटाटोप घरीं करावा तरी कशासाठीं? मिस्त्रीचे पैसे वांचतात, हा लाभ गौण आहे. मोठा लाभ असा कीं, जळालेली प्लेट ज्यानें स्वतःच्या हातांनीं बाहेर काढली, तिचा करपट वास घेतला, निळा पडलेला पोलाद पाहिला, त्याचीं बोटें पुढें दांडीवर विसांवत नाहींत. दुकानांत प्लेटा बदलून मिळतात. संवय कुणालाही बदलून देतां येत नाहीं. गुरुजींनीं वहींत तारीख आणि मीटरवरचा आंकडा लिहून ठेवावा, दर महिन्याला ढिलेपणा तपासावा, आणि पावसाळ्यांत गाडीच्या पेटींत माती काढण्याची एक काडी ठेवावी.

आणि पुन्हां कधीं उसाच्या ट्रॉल्या पुढें आल्या, तर क्लच नवा आहे म्हणून घाई करूं नये. पकड चांगली असली तरी समोरचा रस्ता मोकळा असावाच लागतो. ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला वळेपर्यंत पांच मिनिटें मागें राहावें. घरीं पोंचावयास तेवढाच उशीर होतो, आणि मागें बसलेली मुलगी निर्धास्त असते.